केडलस्टन हॉलची प्रतिकृती : कामाच्या नोंदी

२ जून

प्रमाण आज पक्कं झालं, १:२००. इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉल या जमीनदारी घराची उत्तरेकडची दर्शनी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे १०७ मीटर भरते, म्हणजे मॉडेलवर साडेत्रेपन्न सेंटिमीटर. भोवतीची हिरवळ आणि थोडा उतार धरून पाट एक मीटर बाय पाऊण मीटर. १:१०० घेतलं असतं तर खांबांवरचं नक्षीकाम नीट दाखवता आलं असतं, पण मग ते जिन्यावरून प्रदर्शनाच्या दालनात नेणं कठीण झालं असतं.

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी इंग्लंडमधली अठराव्या शतकातली जमीनदारांची घरं शिकवते. दरवर्षी तेच होतं. पडद्यावर चित्रं सरकतात, मुलांच्या लक्षात दर्शनी खांब राहतात आणि घराचा आराखडा निसटून जातो. म्हणून यंदा छप्पर उचलून आत बघता येईल असं मॉडेल करायचं. घर निवडायला मला वेळ लागला नाही. डर्बी शहरापासून सहा-सात किलोमीटरवरचं केडलस्टन हॉल हे असं घर आहे की त्याचा आराखडा समजला, तर त्याच धर्तीवर बांधलेलं कोलकात्याचं राजभवन (आता लोकभवन) समजतं. लॉर्ड कर्झनचा जन्मही याच घराच्या आवारातला. बंगालची फाळणी शाळेत शिकलेल्या मुलांना हे नाव नवं नाही.

मदतीला असलेल्या मुलींपैकी एकीने आराखडा पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, यात राहायचं कुठे?" तो प्रश्न मी फळ्यावर लिहून ठेवला आहे. मॉडेलने त्याचं उत्तर दिलं पाहिजे.

७ जून

पाटाचा प्लाय आला. जमिनीचे उंचसखल थर कापायला सुरुवात केली आणि कापता कापता मुलींना जागेचा इतिहास सांगितला.

कर्झन घराणं इथे बाराव्या शतकापासून नांदतं आहे. आजचं घर उभं राहिलं त्याच्या आधी याच जागी साधारण १७०० च्या सुमाराचं लाल विटांचं घर होतं. नॅथॅनिएल कर्झन १७५८ मध्ये वडिलांच्या पश्चात मालक झाला तेव्हा तो नुकती तिशी ओलांडलेला तरुण होता. ते घर जेमतेम साठ वर्षांचं, पडझड झालेलं नव्हतं, तरी त्याने ते पाडलं. जवळचं गाव उठवून दूर नेलं. घरासमोरून जाणारा सार्वजनिक रस्ताही वळवून लांब नेला. राहिलं ते फक्त मध्ययुगीन चर्च. आज ते नव्या घराच्या पश्चिम अंगाला अगदी खेटून उभं आहे, आणि इतक्या भव्य घराशेजारी इतकं जुनं, बुटकं देऊळ का, असा प्रश्न प्रत्येक पाहुण्याला पडतो. गाव त्याच्याभोवती होतं, हे त्याचं उत्तर.

म्हणून मी चर्च मॉडेलवर घेते आहे. खरं तर घराच्या मॉडेलमध्ये ते सहसा कोणी घेत नाही. मला मात्र वाटतं की उठवलेल्या गावाची एवढी एकच खूण शिल्लक आहे, ती पाटावर असायलाच हवी. गावाची जागा हिरवळीत फिकट रंगाने दाखवणार.

१५ जून

आज दिवसभर आराखडे. या घराला तीन वास्तुविशारद लाभले आणि तिघांचा हात वेगवेगळा ओळखता येतो, म्हणून मॉडेल करताना कोणता भाग कोणाचा ते समजून घेणं भाग आहे.

पहिला मॅथ्यू ब्रेटिंगहॅम. तो तेव्हा नॉरफोकमधल्या होल्कम हॉलचं काम पाहत होता, आणि होल्कमला मधली मुख्य इमारत व चार कोपऱ्यांना चार उपगृहं आहेत. केडलस्टनसाठीही त्याने तोच बेत मांडला. मधे मोठी इमारत, तिच्या चार कोपऱ्यांतून निघालेल्या चार वळणदार ओवऱ्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक उपगृह. कल्पना मुळात सोळाव्या शतकातल्या पलाडिओ या इटालियन वास्तुविशारदाची. त्याने १५७० साली छापलेल्या ग्रंथात ब्रेंटा नदीकाठच्या व्हिला मोचेनिगो या हवेलीचा असाच नकाशा दिला होता. तो व्हिला कधी बांधला गेला नाही. कागदावरचा तो नकाशा दोनशे वर्षांनी डर्बीशरच्या माळावर उतरला.

ब्रेटिंगहॅमने ईशान्येचं उपगृह बांधलं. मग जेम्स पेन आला. त्याने वायव्येचं, स्वयंपाकघराचं उपगृह हाती घेतलं आणि मधल्या इमारतीच्या उत्तर बाजूचा आराखडा केला. १७६० च्या आसपास सगळं काम रॉबर्ट अ‍ॅडमच्या हाती गेलं. अ‍ॅडम १७५८ मध्ये इटलीहून परतला होता, वय जवळजवळ मालकाइतकंच. त्याला आधी नेमलं होतं ते फक्त बागेतल्या छोट्या वास्तूंसाठी. दोन वर्षांत त्याने दोन ज्येष्ठांना मागे टाकलं. त्याच्या रेखाटनांकडे बघितलं की मालक का भुलला ते कळतं. रोमचे अवशेष त्याने स्वतः मोजलेले होते, आणि ती मोजमापं त्याच्या बोटांत भिनली होती.

बांधकामावर देखरेख सॅम्युएल वायट या तरुणाची. हे आडनाव लक्षात ठेवायला मुलींना सांगितलं आहे, पुढे लागणार आहे.

दक्षिणेकडची दोन उपगृहं मात्र झालीच नाहीत. एकात संगीत दालन होणार होतं. दोन झाली, दोन कागदावर राहिली, आणि त्यामुळे घराला आज पुढून भरगच्च व मागून मोकळं असं रूप आहे.

१६ जून

वळणदार ओवऱ्यांच्या भिंती. माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठा, आतून उभ्या रेघा मारून वाकवला. चांगला वळतो.

२४ जून

संगमरवरी दालनाचे खांब. प्रकल्पातलं सर्वांत नाजूक काम हेच, आणि मला सर्वांत प्रिय असलेला भागही हाच.

उत्तरेच्या सहा खांबी द्वारमंडपातून बाहेरच्या जिन्याने वर चढलं की थेट या दालनात पाऊल पडतं. साधारण २० मीटर लांब, १२ रुंद, १२ उंच. दोन्ही बाजूंना मिळून वीस कोरिंथियन (माथ्यावर पानांची नक्षी असलेले) खांब, प्रत्येक सुमारे साडेसात मीटर उंच, गुलाबी अलाबास्टरचे. अलाबास्टर जवळच्याच नॉटिंगहॅमशरमधलं. हा दगड म्हणजे जिप्समचा एक प्रकार, संगमरवरापेक्षा खूप मऊ. पावसापाण्यात उघडा ठेवला तर झिजतो, पण छपराखाली त्याच्यासारखी झिलई दुसऱ्या दगडाला क्वचितच येते. त्याच्या अंगात तांबूस, तपकिरी, दुधी शिरा असतात आणि प्रत्येक खांबावर त्या वेगळ्या धावतात. मागच्या भिंतींत कोनाडे, कोनाड्यांत प्राचीन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रती, वर ग्रीक कवी होमरच्या कथांतले प्रसंग करड्या रंगात.

भिंतींना खिडकी एकही नाही. सगळा उजेड छतातल्या काचांतून खाली येतो. अ‍ॅडमच्या डोळ्यासमोर रोमन घरातलं वरून उघडं, चौकासारखं अ‍ॅट्रियम होतं. उघडं ठेवणं इंग्लंडच्या हवेत शक्य नव्हतं, म्हणून काच. त्या उजेडामुळे खांबांची सावली जवळजवळ जमिनीवर पडतच नाही, ती खांबांच्या अंगावरच्या पन्हळींत साचते.

मॉडेलवर खांब ३.८ सेंटिमीटरचा येतो आणि जाडी चार मिलिमीटरच्या आत. शेजारच्या सुतारकाकांकडून सागाच्या काड्या गोल करून घेतल्या. मऊ पॉलिश पेपर, मग अस्तराचा पांढरा, त्यावर पाण्यात अगदी पातळ केलेला गेरू आणि शेवटी शून्य नंबरच्या ब्रशने शिरा. ब्रश ओढायचा नाही, काडी फिरवायची. म्हणजे शीर आपोआप तिरकी धावते आणि हाताची कंपनं दिसत नाहीत. पन्हळी कोरणं या मापात शक्य नाही, म्हणून कंपासच्या टोकाने उभ्या रेघा ओढल्या. स्तंभशीर्षं रेझिनमध्ये छापून आणली आहेत. पांढरीच ठेवणार, मुळातही ती पांढरी आहेत.

वीस खांब ओळीत सुकायला ठेवले तेव्हा मुली बराच वेळ बघत राहिल्या. कोणाचे दोन खांब एकसारखे झाले नव्हते, आणि तेच हवं होतं.

३ जुलै

संगमरवरी दालनाच्या मागे, त्याच सरळ रेषेत, गोल सलून, म्हणजे बैठकीचं मोठं दालन. व्यास सुमारे पावणेतेरा मीटर, घुमटाच्या टोकापर्यंत उंची १९ मीटर. रोमच्या पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन मंदिराचं स्मरण उघड आहे. आतून चौकटी चौकटींचा घुमट आणि माथ्यावर उजेडासाठी गोल काच. इथे मुळात पुतळे मांडायचा विचार होता. कोनाड्यांत ओतीव लोखंडाच्या शेगड्या आहेत आणि त्यांना प्राचीन वेदींचा आकार दिला आहे. अठराव्या शतकात थंडी घालवण्याचं साधनही रोमन दिसलं पाहिजे, हा अ‍ॅडमचा कटाक्ष.

घुमट आम्ही प्लास्टिकच्या चेंडूवर कागदी लगद्याचे थर देऊन काढला. ६.४ सेंटिमीटर व्यासाला बरोबर बसला. आतल्या चौकटी कापून चिकटवणं हे दोन हातांचं काम नाही, एकीने धरायचं आणि दुसरीने चिमट्याने लावायचं.

चौकोनी, खांबांनी भरलेलं दालन आणि मग एकदम गोल, उंच, मोकळी खोली. आधी पाऊल पुढे ओढलं जातं, मग थांबतं. हा बदल छायाचित्रात कळत नाही. छप्पर उचलल्यावर मॉडेलवर तो लगेच दिसला.

९ जुलै

सलून आणि दालनाच्या दोन्ही अंगांच्या खोल्या. विभागणी सरळ आहे. पूर्वेला कला: संगीताची खोली, चित्रांनी भरलेला दिवाणखाना, ग्रंथालय. पश्चिमेला पाहुणचार: भोजनाची खोली आणि मोठ्या पाहुण्यांच्या निजण्याबसण्याच्या खोल्या. संगीताच्या खोलीत स्नेट्झलर या वाद्यकाराने केलेला ऑर्गन, दिवाणखान्यात जॉन लिनेल या फर्निचर करणाऱ्याचे सोनेरी सोफे, त्यांच्या हातांना सागरदेवता आणि मत्स्यकन्या कोरलेल्या. पाहुण्यांच्या पलंगाचे खांब ताडाच्या झाडांसारखे, वर सोनेरी झावळ्या. या मापात सोफे दाखवता येणार नाहीत. पलंग दाखवणार, कारण तो कोणासाठी होता ते महत्त्वाचं आहे. घरमालक त्यावर झोपत नसे. राजघराण्यातलं किंवा तशाच तोलाचं कोणी मुक्कामाला आलं तर त्याच्यासाठी तो मांडून ठेवलेला होता.

१२ जुलै

माझा भाचा डर्बीत विमानांच्या इंजिनांच्या कारखान्यात आहे. सुट्टीच्या दिवशी त्याने दक्षिण बाजूची छायाचित्रं काढून पाठवली आणि रात्री फोन केला. म्हणाला, "मावशी, पुढून बघितलं तेव्हा सरकारी कचेरी वाटली. मागे गेलो तर वाटलं, कोणी विजयाची कमान आणून भिंतीत बसवलीय."

त्याने नेमकं पकडलं. उत्तर बाजू पेनच्या आराखड्यावरची, शिस्तशीर, पलाडिओच्या वळणाची. दक्षिण बाजू अ‍ॅडमची, आणि तिचा नमुना रोममधली कॉन्स्टंटाइन या सम्राटाची विजयकमान. चार खांब भिंतीपासून सुटे होऊन पुढे आलेत, प्रत्येकाच्या डोक्यावर एक पुतळा, मधे उंच पट्टी, तिच्यामागून घुमटाचा बसका माथा डोकावतो. खालून दोन वळणदार जिने वर येऊन मिळतात. अ‍ॅडम स्थापत्यात हालचाल हवी असं म्हणायचा, म्हणजे भाग पुढे यावेत, मागे जावेत, वर चढावेत, उतरावेत. त्याचं म्हणणं या एका भिंतीवर वाचता येतं. सुटे खांब, खोलगट कोनाडे, गोल घुमट, पसरणारे जिने. ऊन फिरतं तशी सगळी भिंत दिवसभर रूप पालटते.

त्या उंच पट्टीवर लॅटिनमध्ये कोरलंय की बॅरन स्कार्सडेलने १७६५ मध्ये हे मित्रांसाठी आणि स्वतःसाठी केलं. (नॅथॅनिएल कर्झनला १७६१ मध्ये बॅरन स्कार्सडेल ही पदवी मिळाली.) क्रम आधी मित्रांचा. फळ्यावरच्या प्रश्नाखाली हे लिहून ठेवलं.

दक्षिण बाजूचा लेझर कट उद्या. सुटे खांब भिंतीपासून दोन मिलिमीटर पुढे. त्या फटीत सावली पडली पाहिजे, नाहीतर सगळा अर्थ गेला.

२० जुलै

आज ईशान्येचं उपगृह जागेवर बसलं आणि पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचा निकाल लागला. कर्झन कुटुंब राहायचं ते इथे, या कोपऱ्यातल्या उपगृहात. मधली एवढी थोरली इमारत राहण्यासाठी नव्हतीच. ती दाखवण्यासाठी, मोठ्या पाहुण्यांसाठी आणि समारंभांसाठी. आजही घराण्यातली मंडळी त्याच उपगृहात राहतात.

आपला पेशवाईतला वाडा आतल्या चौकाकडे तोंड करून बसतो. रस्त्याकडे दरवाजा आणि भिंत, सगळं जगणं आत. इथे जगणं एका बाजूला सारलेलं आणि मधला भाग पाहणाऱ्याकडे तोंड करून उभा. मुलींना दोन्ही आराखडे एकाच मापात शेजारी काढायला लावले. दहा मिनिटांत वर्गात महिनाभर न झालेली चर्चा झाली.

आणि लोक खरोखरच बघायला येत. घर तयार होताच सभ्य पोशाखातल्या प्रवाशांना आत घेत असत. मिसेस गार्नेट ही घराची व्यवस्थापिका त्यांना फिरवून प्रत्येक चित्र समजावून सांगायची. हातात छापील यादी घेतलेलं तिचं चित्र अजून घरात आहे. अठराव्या शतकातल्या व्यवस्थापिकेचं चित्र काढून घ्यावं इतका तिचा मान होता, ही मला या घराबद्दलची सर्वांत सुखाची गोष्ट वाटते.

१७७७ मध्ये इंग्रज लेखक डॉ. सॅम्युएल जॉन्सन त्याचा चरित्रकार बॉसवेल याच्याबरोबर आला. इतका खर्च, इतके खांब बघून त्याने मत दिलं की ही इमारत नगरसभागृह म्हणून उत्तम चालेल. खांबांच्या दालनात न्यायाधीश बसतील, गोल खोलीत पंच, आणि वरच्या खोलीत कैदी. तो चेष्टेने बोलला असेल, तरी त्याचं निरीक्षण अचूक होतं. या आराखड्यात कारभाराची जागा दडलेली त्याने पाहिली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी ते खरं झालं, डर्बीशरपासून हजारो मैलांवर.

२८ जुलै

जमीन. अ‍ॅडमने इथली जुनी आखीव बाग आणि ओढा मोडून लांबट तळी केली, वर तीन कमानींचा पूल (१७७०-७१) आणि धबधबा. तळ्याकाठी मासेमारीचा मंडप: वर बसायची खोली, खाली गार पाण्याचं स्नानगृह, दोन्ही बाजूंना नावा ठेवायच्या खोल्या. वरच्या खिडकीतून बायकांना उन्हात न जाता गळ टाकता यावा अशी सोय. पूल आणि मंडप पाटाच्या हद्दीबाहेर राहतात, त्यामुळे भिंतीवरच्या नकाशात दाखवणार.

६ ऑगस्ट

न बांधलेली दोन उपगृहं.

दोन महिने मी या निर्णयावर अडून होते. न बांधलेलं दाखवायचंच नाही, असं एक मत. पण ती नसतील तर मूळ विचार कळत नाही. शेवटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक ठरलं. बांधलेलं सगळं लाकूड-पुठ्ठ्यात, कागदावर राहिलेलं काचेसारखं.

अ‍ॅक्रिलिकला फेविकॉल चालत नाही. क्लोरोफॉर्म सिरिंजमध्ये घेऊन सांध्याच्या कडेने एक थेंब सोडायचा. तो फटीत आपणहून धावतो आणि दोन्ही कडा विरघळून एक होतात. थेंब जास्त झाला की पृष्ठभागावर दुधी डाग पडतो तो जात नाही. खिडक्या सगळ्या उघड्या ठेवून, पंखा लावून काम केलं. वळणदार दक्षिण ओवऱ्या गरम हवेच्या बंदुकीने वाकवल्या.

बसवून झाल्यावर पाट फिरवून पाहिला. पुढून भरीव आणि मागून पारदर्शक. दक्षिणेची कमान आता दोन काचेच्या उपगृहांमधून दिसते, आणि लक्षात येतं की ती उपगृहं झाली असती तर अ‍ॅडमची ही भिंत इतकी मोकळी राहिली नसती. अपुरं राहिल्यामुळे तिचं भलं झालं असं माझं मत आहे.

१४ ऑगस्ट

कोलकात्याची पाटी. मजकूर पुन्हा पुन्हा लिहून शेवटी हा ठेवला.

१७९९ मध्ये गव्हर्नर जनरल वेलस्लीने कोलकात्यात नवं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे पुढचं राजभवन, बांधायला घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीचा वास्तुविशारद टिरेटा याचा आराखडा बाजूला ठेवून बंगाल इंजिनिअर्समधल्या चार्ल्स वायटचा निवडला. हा केडलस्टनवर देखरेख करणाऱ्या सॅम्युएल वायटच्या घराण्यातला, त्याचा पुतण्या. आराखडा केडलस्टनचा: मधे भव्य इमारत, चार वळणदार ओवऱ्या, चार उपगृहं. इथे चारही पुरी झाली. डर्बीशरच्या जमीनदाराला जे झेपलं नाही ते कंपनीच्या तिजोरीला झेपलं. १८०३ च्या जानेवारीत काम संपलं, खर्च ६३ हजार पौंडांच्या वर.

बदलही केले. विटा आणि चुन्याचा गिलावा, कारण कोलकात्याजवळ इमारतीचा दगड नाही. सुटी उपगृहं असल्याने वारा चारही बाजूंनी खेळतो. थंडीच्या देशात ज्या लांब ओवऱ्यांनी माणसं गारठत, त्याच ओवऱ्या बंगालच्या उकाड्यात कामाला आल्या. घुमट नंतर आला. आणि स्वयंपाकघर! केडलस्टनला त्यासाठी अख्खं उपगृह आहे. कोलकात्यात ते आवाराच्या बाहेर काढलं. पुढे व्हाइसरॉय डफरिनच्या पत्नीने लिहिलं की स्वयंपाकघर कोलकात्यात कुठेतरी आहे, या घरात नाही.

खर्चाचं समर्थन करताना लॉर्ड व्हॅलेन्शिया या प्रवाशाने म्हटलं की हिंदुस्थानावर राज्य करायचं ते महालातून, पेढीवरून नव्हे, आणि राजाच्या दृष्टीने, मलमल व नीळ विकणाऱ्या किरकोळ व्यापाऱ्याच्या दृष्टीने नव्हे. लंडनच्या संचालकांना हे मानवलं नाही.

पाटीच्या उजव्या कडेला मी चार तारखा घातल्या आहेत. २५ ऑक्टोबर १८०२, हडपसरची लढाई, यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेला हरवलं. ३१ डिसेंबर १८०२, वसईचा तह, दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज पत्करली. जानेवारी १८०३, गव्हर्नमेंट हाऊस पूर्ण. २३ सप्टेंबर १८०३, असईची लढाई, कंपनीचा सेनापती वेलस्लीचाच धाकटा भाऊ आर्थर. पुण्यातली मुलं हडपसरवरून रोज बसने येतात. या इमारतीचा आणि त्यांच्या रस्त्याचा संबंध त्यांना कोणी सांगितलेला नाही. हे घर कोलकात्यात उभं राहत होतं ते ज्या सत्तेसाठी, तिने त्याच महिन्यांत मराठी राज्याचा गळा आवळायला घेतला होता.

त्याखाली एक ओळ. १८०४ मध्ये यशवंतरावांनी कंपनीच्या कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, आणि युद्धांचा व बांधकामाचा खर्च डोईजड झालेल्या कंपनीने १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावलं.

सहकारी शिक्षकांनी विचारलं, स्थापत्याच्या प्रदर्शनात लढाया कशाला? मी ठेवल्या. घराचा पैसा आणि घराचं कारण आराखड्याइतकेच स्थापत्याचे भाग आहेत.

२२ ऑगस्ट

कर्झनची छोटी पाटी. जन्म ११ जानेवारी १८५९, केडलस्टन. १८९९ ते १९०५ व्हाइसरॉय. म्हणजे जन्मघराचाच आराखडा असलेल्या दुसऱ्या घरातून त्याने हिंदुस्थानचा कारभार केला. १९०४ चा प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा त्याचा, १९०५ ची फाळणीही त्याचीच. दोन्ही एकाच पाटीवर, एकाच आकाराच्या अक्षरांत.

केडलस्टनच्या खालच्या मजल्यावर त्याने आशियातून जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, १९२७ मध्ये उघडलं. तिथे त्याची पत्नी मेरी हिचा १९०३ च्या दिल्ली दरबारातला मोराच्या पिसांचा पोशाख आहे. पिसं खरी नाहीत. सोन्या-चांदीच्या तारेने भरलेली जरदोजी आहे, आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याच्या पंखाचं हिरवं कवच शिवलेलं. भरतकाम दिल्लीचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या पोशाख शिवणाऱ्या पेढीची. वजन साडेचार किलोच्या आसपास. त्यावर राबलेल्या जरदोजी कारागिरांसाठी पाटीवर ठळक ओळ दिली आहे. घरातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या वस्तूंपैकी ही एक, आणि तिचं कसब आपल्याकडचं.

मेरी १९०६ मध्ये गेली. कर्झनने त्या जुन्या चर्चला बॉडली या वास्तुविशारदाकडून स्मारक-कक्ष जोडून घेतला, आणि १९२५ मध्ये तोही तिथेच विसावला. चर्चच्या उत्तर अंगाला तो कक्ष आज पुठ्ठ्यात लावला.

१९८७ पासून घर जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे, एवढं तळाशी.

३० ऑगस्ट

दिवे लावले. संगमरवरी दालनाच्या काचांवर एक पिवळसर एलईडी, सलूनच्या घुमटावर दुसरा, दोन्हींना वेगळी बटणं. आधी छप्पर ठेवून दिवा लावायचा, फटीतून खांब बघायचे, मग छप्पर उचलायचं, असा क्रम मुलींनी ठरवला आहे. समजावून सांगायची जबाबदारी आळीपाळीने त्यांच्यावर.

अलाबास्टरचा एक हातभर तुकडा नमुन्याला मिळावा म्हणून खटपट केली होती. राजस्थानी जिप्समचा गुलाबी छटेचा तुकडा मिळाला. मागून दिवा लावला की कडेने उजेड झिरपतो, मुलांना हात लावून बघता येईल.

दालनात जागा भिंतीलगतची दिली होती, ती बदलून मागितली आहे. दक्षिण बाजू भिंतीकडे गेली तर काचेची उपगृहं कोणालाच दिसणार नाहीत. मधोमध, चारही बाजूंनी फिरता येईल अशी जागा मिळाली तरच पाट हलवायचा. टेम्पो गुरुवारी सकाळी.